लिहिलेलं टिकत नाही! जुन्या एक्सटीतलं ८२५५ कार्ड आणि पत्ते पंचिंगचं यंत्र

मागावरचा (सोलापूर)
शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. जुन्या काँप्युटरची माहिती असणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. आमचा चादरीचा कारखाना होता, आठ माग. आता एकच माग चालू स्थितीत आहे. नव्वदच्या दशकात अप्पांनी नक्षीचे पत्ते पाडायला काँप्युटरवर चालणारं पंचिंग यंत्र घेतलं होतं. त्याला जोडलेला एक्सटी क्लोन (आयबीएमच्या जुन्या एक्सटी काँप्युटरची नक्कल) आहे: ८०८८, ६४० के, सव्वापाच इंची दोन फ्लॉपी, हिरवा मोनोक्रोम पडदा, एमएस-डॉस ३.३०. गेली वीसेक वर्षं सगळं माळ्यावर होतं. पत्त्यांच्या माळा वाळवीने खाल्ल्या, मोराच्या चादरीचे तर मोजून चाळीसेक पत्ते शाबूत आहेत. फ्लॉप्या मात्र डब्यात होत्या आणि चक्क वाचल्या जातायत. अप्पा ऐंशीचे झाले. त्यांच्या डोळ्यांदेखत ती मोराची चादर एकदा मागावर चढवायची आहे.

जॅकार्ड ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. पुठ्ठ्याच्या पत्त्यावर भोक असेल तिथे सुई आत जाते आणि हुक ताण्याचा (उभा) धागा वर उचलतो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. एक पत्ता म्हणजे बाण्याची (आडव्या धाग्याची) एक फेक. आमच्या चारशे हुकांच्या जॅकार्डला पत्त्यावर आठ-आठ भोकांच्या पन्नास ओळी असतात, म्हणजे एका ओळीला बरोबर एक बाइट. पंचिंग यंत्रात आठ सोलेनॉइड (वीज दिली की पंच दाबणाऱ्या कॉइल) आहेत, त्यांना काँप्युटरमधल्या एका आठ बिटांच्या आयएसए कार्डावरून हुकूम जातो. कार्डावर ८२५५ (बाहेरच्या यंत्रासाठी आठ-आठ बिटांची पोर्टं देणारी चिप), ७४एलएस६८८ (कार्डाचा अॅड्रेस ओळखणारी), ७४एलएस२४५ (डेटा आत-बाहेर नेणारी) आणि अॅड्रेस ठरवायला आठ खटक्यांचा डिप स्विच. पोर्ट ए म्हणजे आठ पंच, पोर्ट बी पत्ता पुढे सरकवतो. सोलेनॉइडना २४ व्होल्ट लागतात, ते यूएलएन२८०३ या ड्रायव्हर चिपमधून, यंत्रातल्याच वेगळ्या बोर्डावर.

दुखणं असं: पत्ता पडतो, पण चुकीचा. काही भोकं गायब, काही जास्तीची, काही अर्धवट, म्हणजे पुठ्ठ्याची टिकली एका बाजूने लटकत राहते. तोच पत्ता पुन्हा पाडला की चुका दुसऱ्याच जागी. अप्पा म्हणतात की यंत्र बंद पडायच्या आधीच्या वर्षी कार्ड एकाकडे दुरुस्तीला दिलं होतं. त्याआधी ते पूर्ण मेलेलं होतं, नंतर "चालू झालं" पण पत्ते बिघडायला लागले, आणि शेवटी सगळं गुंडाळून ठेवलं.

डॉसच्या डीबग प्रोग्राममध्ये जाऊन हे केलं (ओ म्हणजे लिही, आय म्हणजे वाच; आकडे हेक्स; ३०३ वर ८२५५ चा मोड ठरतो, ३०० म्हणजे पोर्ट ए):

ओ ३०३ ८०
ओ ३०० ५५
आय ३००

५५ परत यायला हवा ना? एकदा ७एफ आला, एकदा ००, एकदा डी५. कार्ड मेलं म्हणायचं का?

---

रेडिओ_नवीपेठ
शनिवार, रात्री ११:१५

दादा, आधी हे सांगा की वीस वर्षांनी थेट २३० व्होल्ट जोडले का? जुन्या एसएमपीएसमध्ये (काँप्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये) मेन्सच्या बाजूला कागदी कपॅसिटर असतात, ते तडकून धूर सोडतात. कार्डांवरचे टँटलमचे थेंबासारखे कपॅसिटरही आतून शॉर्ट होतात. मल्टिमीटरने प्रत्येक कार्डाच्या ५ आणि १२ व्होल्टच्या बोटांपासून (कडेच्या सोनेरी पट्ट्या) जमिनीपर्यंत (ग्राउंड) शॉर्ट आहे का, हे वीज देण्याआधी बघायचं असतं.

आता चालू झालंच आहे तर ५ व्होल्टची लाइन मोजा. ४.७५ ते ५.२५ च्या आत हवी. आणि कार्ड काढून कडेची सोनेरी बोटं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कारखान्यात ठेवलेलं कार्ड आहे, स्लॉटमध्ये सुताची पिंज आणि मागाचं तेल मिळून लेप बसलेला असणार. निम्म्या केसेस तिथेच सुटतात.

---

हिरवा_पडदा
रविवार, सकाळी ८:०३

३०० हेक्स हा पत्ता (पुठ्ठ्याचा नव्हे, पोर्टचा अॅड्रेस) आयबीएमने प्रोटोटाइप कार्डासाठी राखलेला होता, ३०० ते ३१एफ. त्यामुळे ज्याने त्याने आपलं कार्ड तिथेच बसवलं, पुढे कित्येक नेटवर्क कार्डंही कारखान्यातून ३०० वरच सेट होऊन यायची. दोन कार्डं एकाच पत्त्यावर असतील तर वाचताना दोघंही डेटा लाइनवर बोलतात आणि असाच कचरा मिळतो. स्लॉटमध्ये आणखी काय काय आहे?

---

मागावरचा
रविवार, दुपारी १:२०

@रेडिओ_नवीपेठ, खरं सांगतो, थेट जोडलं होतं. नशीब बरं म्हणून काही जळलं नाही, एसएमपीएसमधले ते कपॅसिटर आता बदलून घेतो. ५ व्होल्टची लाइन ५.०४ दाखवते. स्लॉटमधून खरंच तपकिरी पिंज निघाली, बोटाएवढी वळी झाली तिची. सगळं पुसलं, कार्ड चार वेळा काढून घातलं. फरक नाही.

@हिरवा_पडदा, इतर कार्डं तीनच: मोनोक्रोमचं, फ्लॉपीचं आणि एक मल्टि आयओ. मल्टि आयओ काढून पाहिलं, तेच. कार्डाच्या डिप स्विचचा एक खटका फिरवून पत्ता बदलला, तेव्हा कार्ड नव्या पत्त्यावर आलं आणि तिथेही तसाच कचरा. म्हणजे भांडण नसावं.

८२५५ सॉकेटमध्ये आहे. ओळखीच्या डिप्लोमा कॉलेजात ८०८५ चे जुने ट्रेनर किट पडून होते, त्यातला एक ८२५५ मागून आणला. तो बसवला तरी तेच.

---

रेडिओ_नवीपेठ
रविवार, दुपारी २:०५

मग २४ व्होल्टकडे बघा. सोलेनॉइड सुटताना उलटा झटका येतो. यूएलएन२८०३ ची १० नंबरची पिन २४ व्होल्टला जोडलेली नसेल तर तो झटका जिरत नाही, जमिनीच्या तारेतून थेट काँप्युटरमध्ये शिरतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बाजारात २८०३ सहज मिळतो, दोन आणून ठेवा.

---

लॉजिक_प्रोब
रविवार, रात्री ९:३०

विकत काही आणू नका, थोडं थांबा. मी निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स शिक्षक, अशा कार्डांत आयुष्य गेलं.

पंचिंग यंत्राची केबल कार्डापासून पूर्ण काढा. २४ व्होल्ट नाही, सोलेनॉइड नाही, नुसतं कार्ड स्लॉटमध्ये. मग डीबगमध्ये तेच तीन हुकूम द्या. तरीही ५५ परत आला नाही तर सोलेनॉइड, २८०३, जमिनीची तार हा सगळा भाग संशयातून सुटला. दुखणं अर्ध्यात कापायचं आणि मग उरलेलं अर्धं पुन्हा अर्ध्यात. चिप बदलत सुटलात तर प्रत्येक सॉकेटच्या पिना सैल होतात आणि नवं दुखणं तुम्हीच तयार करता.

---

ताणाबाणा
रविवार, रात्री १०:५०

मला काँप्युटरचं कळत नाही. चाळीस वर्षं नक्षी काढली, पत्ते हाताने पाडले, पियानो मशीनवर पायाने पाडले. भोकांबद्दल मात्र सांगतो.

अर्धं भोक दोन कारणांनी पडतं. एक, पंचाची धार गेली किंवा खालच्या पट्टीचं भोक झिजलं. तेव्हा दर पत्त्याला त्याच जागी अर्धं पडतं, पत्ते एकावर एक ठेवले की टिकल्या एका रांगेत लोंबतात. दुसरं, पंच नीट खाली गेला पण पुठ्ठा फाटायच्या आत त्याचा जोर सुटला. पाय पेडलवरून घसरला की हाताच्या मशीनवर असंच व्हायचं.

बाळा, तुझं अर्धं भोक जागा बदलतंय. म्हणजे पंच चांगले आहेत, जोर मधेच सुटतोय. पाय घसरतोय तुझ्या काँप्युटरचा.

---

लॉजिक_प्रोब
रविवार, रात्री ११:१२

ताणाबाणा साहेब, हे फार महत्त्वाचं बोललात. मी चिपच्या मागे होतो, तुम्ही वेळेवर बोट ठेवलंत.

@मागावरचा, एक वेगळा प्रयोग करू. आत्तापर्यंत तुम्ही "लिहिलं ते परत आलं का" एवढंच बघताय. पण डीबगमध्ये ओ टाइप करून एंटर मारून आय टाइप करेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. ८०८८ च्या हिशोबाने तो जन्मभराचा काळ झाला. लिहिलेलं चुकतंय, की नीट लिहिलं जाऊन नंतर बिघडतंय? हे दोन निराळे रोग आहेत.

डीबगच्या ए हुकुमाने छोटा प्रोग्राम लिहा: ३०३ वर ८०, ३०० वर ५५, लगेच ३०० वाचायचं, ५५ नसेल तर एक मोजायचं. हे दहा हजार वेळा. मग तोच प्रोग्राम, पण लिहिणं आणि वाचणं यांच्या मधे रिकामा लूप. टर्बो बटण बंद ठेवा, म्हणजे ४.७७ मेगाहर्ट्झ. त्या वेगाला लूपची एक फेरी १७ क्लॉकची, साधारण साडेतीन मायक्रोसेकंद. १,४०० फेऱ्या म्हणजे ५ मिलिसेकंद, २,८०० म्हणजे १०, ५,६०० म्हणजे २०. आकडे इथे टाका.

---

मागावरचा
सोमवार, रात्री ११:४८

सर, आज कामावरून येऊन तेच केलं. केबल काढून. हे बघा:

मधे विराम नाही: १०,००० पैकी ७ चुका
५ मिलिसेकंद: १,००० पैकी ३३१
१० मिलिसेकंद: १,००० पैकी ६५२
२० मिलिसेकंद: १,००० पैकी १,०००

दोनदा केलं, थोड्याफार फरकाने हेच. लगेच वाचलं तर जवळजवळ प्रत्येक वेळी ५५ नीट येतोय! म्हणजे ८२५५ चांगला आहे, २४५ पण चांगला आहे. कोणीतरी मागाहून येऊन पुसतंय. पण कोण? माझ्या प्रोग्रामशिवाय तर त्या वेळी काहीच चालू नाही.

---

हिरवा_पडदा
मंगळवार, सकाळी ७:४०

एखादा टीएसआर (मेमरीत बसून राहणारा प्रोग्राम) आहे का? ऑटोएक्झेकमध्ये (सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) काही?

---

मागावरचा
मंगळवार, सकाळी ७:५५

काही नाही. कोऱ्या डॉसच्या फ्लॉपीवरून सुरू केलंय, नुसतं कमांड डॉट कॉम आणि डीबग.

---

लॉजिक_प्रोब
मंगळवार, रात्री ८:२०

तुमचे आकडे कागदावर मांडले आणि खूप वर्षांनी अंगावर काटा आला. ५ ला ३३१, १० ला ६५२. सरळ रेषा आहे ही. पुढे ओढली तर साधारण १५ मिलिसेकंदांवर हजाराला हजार चुका. म्हणजे कोणीतरी दर साडेपंधरा मिलिसेकंदांनी, घड्याळ लावल्यासारखं, तुमच्या कार्डावर लिहून जातंय. तुमच्या विरामात ती घटका आली तर ५५ गेला. विराम तेवढा मोठा केला की ती येणारच.

यादृच्छिक आवाज असा वागत नाही, सैल बोट असं वागत नाही, सोलेनॉइडचा झटका तर नाहीच नाही. हे नियमाने चाललेलं काम आहे. आणि एक्सटीमध्ये प्रोसेसरला बाजूला सारून सतत नियमाने चालणारं एकच काम मला माहीत आहे.

मेमरी रिफ्रेश.

नीट सांगतो. डायनॅमिक रॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरवरचा भार. तो गळत राहतो, म्हणून सतत चाळवत राहावा लागतो. एक्सटीत हे काम डीएमए कंट्रोलर (प्रोसेसरला मधे न घेता मेमरी आणि उपकरणांत डेटा हलवणारी चिप) ८२३७ च्या शून्य नंबरच्या चॅनेलकडे दिलेलं आहे. टायमर चिपचा एक नंबरचा टायमर १.१९३ मेगाहर्ट्झला १८ ने भागतो आणि साधारण १५.१ मायक्रोसेकंदांनी डीएमएला टोचतो. डीएमए प्रोसेसरकडून बस (सगळ्या कार्डांपर्यंत जाणाऱ्या सामाईक लाइनी) मागून घेतो, अॅड्रेस लाइनवर पुढचा पत्ता ठेवतो, वाचल्यासारखं करतो आणि बस परत देतो. पत्ता दर वेळी एकाने वाढतो.

आता खरी गोम. डीएमएच्या भाषेत "मेमरी वाचून उपकरणाला द्यायचं" असा हा व्यवहार असतो. त्यामुळे मेमरी-रीडच्या जोडीला आयओ-राइट ही लाइनही खाली जाते. आणि कार्डं पोर्टचा पत्ता ओळखायला अॅड्रेसचे खालचे दहाच बिट बघतात. दहा बिट म्हणजे १,०२४ पत्ते. आता गुणाकार करा: १,०२४ गुणिले १५.१ मायक्रोसेकंद. साडेपंधरा मिलिसेकंद!

म्हणजे दर साडेपंधरा मिलिसेकंदांनी रिफ्रेशचा पत्ता फिरत फिरत ३००, ३०१, ३०२, ३०३ वर येतो, त्याच वेळी आयओ-राइट खाली असतं, आणि तुमचं कार्ड समजतं की आपल्यालाच बोलावलं. डेटा लाइनवर त्या क्षणी जे काही रेंगाळत असेल ते चारही रजिस्टरांत शिरतं. ३०३ वर भलतंसलतं गेलं की ८२५५ चा मोडच बदलतो, आउटपुटचे लॅच शून्य होतात. सोलेनॉइडला जोर द्यायचा असतो वीस-तीस मिलिसेकंद, तो मधेच सुटतो. ताणाबाणा साहेबांचा घसरलेला पाय तो हाच.

मग बाकीची कार्डं का फसत नाहीत? कारण बसवर एईएन नावाची लाइन आहे. डीएमएच्या हातात बस असताना ती वर जाते. प्रत्येक कार्डाने ती बघायची आणि वर असेल तर कान बंद ठेवायचे. तुमचं कार्ड ती बघत नाहीये.

आता हे तपासा. एईएन म्हणजे घटकांच्या बाजूचं अकरावं सोनेरी बोट, मागच्या ब्रॅकेटकडून मोजायचं, ए११. कार्ड बाहेर काढून मल्टिमीटर बीपवर ठेवा. ७४एलएस६८८ आठ बिटांची तुलना करतो. तुमच्याकडे आठ खटके आहेत, म्हणजे ए२ ते ए९ या अॅड्रेसच्या लाइनी (बोटांचे नंबर नव्हेत) त्याच्याकडे जात असणार आणि ए०, ए१ थेट ८२५५ कडे. त्याची एक नंबरची पिन म्हणजे परवानगी, खाली असेल तरच तो बोलतो. एईएन बहुतेक तिथेच जात असेल. तीन मोजमापं द्या:

ए११ ते ६८८ ची पिन १.
पिन १ ते पिन १०, म्हणजे जमीन.
आणि कार्डाची मागची बाजू भिंगातून बघा. त्या दुरुस्तीची आठवण तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये सांगितली होती, ती मी विसरलेलो नाही.

---

ताणाबाणा
मंगळवार, रात्री ९:०५

मला हे समजलं बरं का. धोटा आणि जॅकार्ड एकमेकांच्या तालावर चालतात. धोटा मधे असताना हुक हलवायचे नाहीत, म्हणून वेळ बांधलेली असते. ती वेळ कोणी बिघडवली तर माग चालतो, पण कापड बिघडतं. तसंच ना सर?

---

लॉजिक_प्रोब
मंगळवार, रात्री ९:११

अगदी तसंच. इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नाही.

---

मागावरचा
बुधवार, रात्री ११:०२

सर!!

ए११ ते पिन १: बीप नाही.
पिन १ ते पिन १०: बीप.

मागच्या बाजूला लाखेचा थर आहे, बाकी सगळीकडे हिरवट, पण ६८८ च्या खाली एका ठिकाणी पिवळसर. अप्पांचं सूत मोजायचं भिंग घेतलं, टेबललॅम्प तिरका धरला. लाखेच्या खाली केसाएवढी तार, पिन १ पासून पिन १० पर्यंत, चिपच्या पोटाखालून सरळ. दोन्ही टोकांचे सोल्डरचे डाग बाकीच्या डागांपेक्षा मोठे आणि मंद. कारखान्यातून आलेले डाग चमकतात, हे राखाडी आहेत. हाताने दिलेले.

मग ए११ चा ट्रॅक धरून गेलो. सोनेरी बोट संपतं त्याच्या वर दोन-तीन मिलिमीटरवर बोर्डाला आडवी भेग, नुसत्या डोळ्याला दिसतच नाही. नख फिरवलं की लागते. शेजारचे ट्रॅक वाचलेत, हा एकच गेलाय. कार्ड कधीतरी तिरकं दाबून बसवलं असणार.

पण मला एक कळलं नाही. ट्रॅक तुटल्यावर कार्ड पूर्ण मेलं होतं असं अप्पा म्हणतात. एईएन दिसत नसेल तर कार्ड उलट जास्त बोलायला हवं ना?

---

लॉजिक_प्रोब
गुरुवार, सकाळी ६:३०

छान प्रश्न. एलएस जातीच्या चिपचा इनपुट मोकळा सोडला तर तो स्वतःहून "वर" असल्यासारखा वागतो. ट्रॅक तुटला, पिन १ मोकळी झाली, ६८८ ला वाटलं एईएन कायम वर आहे, म्हणजे बस कायम डीएमएकडे आहे. कार्ड कायमचं गप्प. म्हणून मेलेलं.

दुरुस्ती करणाऱ्याने पिन १ वर मोजलं असेल, इथे खाली हवं ते वर आहे एवढं त्याला दिसलं. त्याने ती पिन जमिनीला बांधली. कार्ड लगेच जागं झालं, एखादा सोलेनॉइड टक्कन वाजला, काम झालं. त्याच्या बाकावर पत्ता पाडून बघायची सोय नव्हती. त्याला दोष देऊ नका. मात्र पिन वर का आहे, हे शोधायला ट्रॅक धरून दहा सेंटिमीटर मागे जायला हवं होतं.

आता काम. लाख खरवडून ती तार दोन्ही टोकांना काढा. भेगेच्या दोन्ही बाजूंना ट्रॅकवरचा हिरवा थर ब्लेडने अलगद खरवडा, तांबं चकाकलं पाहिजे, कथलाचा पातळ हात द्या. ३० गेजची वायररॅपची तार वापरा. सोनेरी बोटावर मात्र डाग चढू देऊ नका, स्लॉटमध्ये जाणाऱ्या भागावर तर अजिबात नाही, नाहीतर स्लॉटची पाती वाकतील. भेग पुढे जाऊ नये म्हणून वरून इपॉक्सीचा थेंब.

आणि कार्ड घालण्याआधी पुन्हा बीप: ए११ ते पिन १ वाजलं पाहिजे, पिन १ ते पिन १० वाजता कामा नये.

---

रेडिओ_नवीपेठ
गुरुवार, सकाळी ९:४५

दादा, ३० गेजची तार माझ्याकडे आहे, दोन मीटर देतो. बारीक टोकाची सोल्डरिंगची इस्त्रीही घेऊन येतो, २५ वॅटची. पहिल्या दिवशी मी २४ व्होल्टच्या मागे लागलो होतो, तर आता डाग मी देतो.

---

मागावरचा
शुक्रवार, रात्री १२:२०

रेडिओ_नवीपेठ आज संध्याकाळी घरी आले होते. लाइट गेल्यामुळे पाऊण तास शेंगाचटणी-भाकरी आणि गप्पांत गेला, मग काम. त्यांचा हात बघण्यासारखा आहे. तांब्यावर कथिल एकदाच टेकवलं, धूर निघेपर्यंत इस्त्री उचललेली.

दोन्ही बीप बरोबर आले. लॉजिक प्रोब (सर नव्हेत, लाइन वर की खाली ते दाखवणारं उपकरण) पिन १ ला लावला, आता पल्सचा दिवा अखंड लुकलुकतोय. रिफ्रेश दिसतोय म्हणजे!

आकडे:

विराम नाही: १०,००० पैकी ०
२० मिलिसेकंद: १०,००० पैकी ०

दुसऱ्याला साडेतीन मिनिटं लागली. आम्ही दोघंही पडद्याकडे न बोलता बघत बसलो होतो.

---

लॉजिक_प्रोब
शुक्रवार, सकाळी ६:१०

शाब्बास! मूळचा ८२५५ परत लावा आणि कॉलेजचा कॉलेजला देऊन या, पोरांना लागेल. आता केबल जोडा. पहिला पत्ता पाडाल तो जुन्या पत्त्यावर ठेवून बघा.

---

मागावरचा
रविवार, संध्याकाळी ७:३५

आज ताणाबाणा काका अक्कलकोट रोडवरून रिक्षाने आले. अप्पा आणि ते एकमेकांना ओळखत होते, हे मला आज कळलं.

दहा पत्ते पाडले. एकही टिकली लोंबली नाही. मग जुन्या शाबूत पत्त्यांवर एकेक नवा ठेवून ट्यूबलाइटसमोर धरला. भोकातून भोक आरपार. नऊ तंतोतंत जुळले. दहावा, म्हणजे ३१२ नंबरचा, एका ठिकाणी जुळेना. नव्यात भोक आहे, जुन्यात नाही. ओळ १७, तिसरं भोक.

माझा जीव खाली गेला. तोच पत्ता तीनदा पाडला, तिन्ही वेळा त्याच जागी भोक. २० मिलिसेकंदांचा प्रोग्राम पुन्हा चालवला, शून्य चुका.

काकांनी जुना पत्ता माझ्या हातातून घेतला, उलटा केला, अंगठा फिरवला. मागून पुठ्ठ्याचा गोल तुकडा खळीने चिकटवलेला. भोक पडलं होतं, नंतर हाताने बुजवलंय.

---

ताणाबाणा
रविवार, रात्री ९:५०

ती जागा मोराच्या मानेची. फाइलमध्ये जशी नक्षी आहे तशी विणली तर ताण्याचा धागा तिथे बऱ्याच फेकींवरून मोकळा तरंगत जातो, मधे कुठे बांधला जात नाही. नवी असताना चादर सुंदर दिसते, दोन धुण्यांत तो धागा ओढला जातो, बांगडीत अडकतो. ३१२ वर भोक बुजवलं की तिथे धागा खाली जातो आणि बाण्याखाली बांधला जातो. तुझ्या अप्पांनी नमुन्याची चादर विणून बघितल्यावर हे केलं असणार. फाइल दुरुस्त करायची तेवढी राहिली.

बाकीचे जुने पत्तेही उलटे करून बघ.

---

मागावरचा
रविवार, रात्री ११:३०

बघितले. आणखी दोन सापडले, २८९ आणि ३३०, दोन्ही मानेच्याच आसपास. अप्पांना दाखवले. त्यांनी तुकड्यावर नख फिरवलं आणि म्हणाले, खळ मैद्याची होती, म्हणून वाळवी लागली.

फाइलमधले तिन्ही बाइट बदलले. वाळवीने खाल्लेल्या पत्त्यांत असे बुजवलेले आणखी किती होते हे आता कळायला मार्ग नाही, म्हणून नमुन्याची चादर आधी पांढऱ्या सुतावर विणणार, काका मानेपासून शेपटीपर्यंत भिंगाने तपासणार आहेत. साडेसहाशेपैकी आज १४० पत्ते पाडून झाले. माळ ओवायला दोरी उद्या आणतो.